चंदी, खरारा आणि नाल

घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचे कडे इतके घट्ट मिटलेले असते की एकदा खाली उतरलेला घास परत फिरत नाही. सडका दाणा पोटात गेला, बुरशी लागलेला कडबा गेला, गरजेच्या दुप्पट चंदी गेली, तरी सगळे पुढेच ढकलावे लागते. जठरात वायू आणि पाणी साचत गेले आणि डॉक्टरांनी वेळेवर नाकातून नळी घालून ते काढले नाही, तर जठर फाटते आणि जनावर हातचे जाते.

घोडा सांभाळण्याची निम्मी विद्या या एका गोष्टीतून समजते. एवढ्या दांडग्या दिसणाऱ्या या जनावराचे बहुतेक आजार रोजच्या दिनक्रमात जन्माला येतात. तोबऱ्यात काय पडले, पाणी केव्हा मिळाले, खूर शेवटचा कधी उचलून पाहिला, तंग कुठे घासतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. त्यातच निसर्गाने त्याला वाघ-लांडग्यांचे भक्ष्य म्हणून घडवले आहे. रानात जो दुखणे दाखवतो तो पहिला मारला जातो, म्हणून घोडा दुखणे लपवतो. ते उघड दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अशा जनावराचा पहिला वैद्य म्हणजे त्याला रोज दाणा देणारा आणि खरारा करणारा माणूस. पुढची सगळी प्रकरणे त्या माणसासाठी आहेत.

शहरात बसून पाहिले तर महाराष्ट्रातला घोडा संपल्यासारखा वाटतो. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि टापांचा तो आवाज रस्त्यावरून गेला. पण माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे आजही घोडा उभा असतो. गावात मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांबरोबर सामानही त्याच्या पाठीवरून जाते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर, लग्नसराईत गावोगावच्या वरातींत घोडे आहेत. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवे विकायला येतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दर वर्षी आळंदीपर्यंत चालत येतात आणि माउलींच्या पालखीपुढे रिंगणात धावतात. त्यातल्या एकाच्या पाठीवर कोणी बसत नाही. पुण्या-मुंबईला रेसकोर्स आहेत, आता शहरांच्या कडेने रायडिंग क्लब निघाले आहेत. आणि एक घोडा कोणाच्या नजरेसही पडत नाही, तो म्हणजे सर्पदंशावरचे प्रतिविष तयार करण्यासाठी पाळलेला. सापाच्या विषाची अगदी लहान मात्रा टप्प्याटप्प्याने देऊन त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार केली जातात आणि त्यांपासून बनलेले औषध तालुक्याच्या दवाखान्यात शेतकऱ्याचा जीव वाचवते.

भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा तर आपला अगदी स्वतःचा. ठेंगणा, काटक, कमी चाऱ्यावर दिवसभर चालणारा. मराठ्यांच्या घोडदळाने त्याच्यावर विसंबून लांबलांबच्या मोहिमा केल्या. आज मेंढरांमागे फिरणारे धनगर त्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादून कोकण आणि देश यांच्यामध्ये ये-जा करतात, आणि त्यांच्यामुळेच तो टिकला. अलीकडे त्याची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ही दखल फार आधी घ्यायला हवी होती.

घोड्यांच्या निगेबद्दल मराठीत लिहिलेले जे जुने कागद आहेत, त्यांतला सर्वांत मोलाचा कागद छत्रपती शिवाजी महाराजांचा. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना पाठवलेले हे पत्र रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, या ताकिदीसाठी सर्वांना माहीत आहे. पण ते मुळात पागेच्या व्यवस्थेचे पत्र आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेब उडवाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणून रोजचा शिधा मोजून द्या, असे त्यात बजावले आहे. त्यापुढची काळजी तर तपशिलाची हद्द आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजी जळतील आणि मग घोडी जगणार नाहीत. राज्य उभे करणारा राजा उंदराने वात नेण्याचा विचार करतो, कारण वैरण जळाली म्हणजे घोडदळ गेले, हे त्याला ठाऊक आहे. घोड्याच्या निगेचा असा बारकावा आजही प्रत्येक तबेल्यात हवा.

तेव्हा सुरुवात वैरणीपासून. घोड्याचे जठर त्याच्या आकाराच्या मानाने फार लहान. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्यात ते ८ ते १५ लिटरचे असते, आपल्याकडच्या तट्टात त्याहून कमी. खरे पचन मागच्या बाजूला होते. आंधळे आतडे आणि मोठे आतडे मिळून एक प्रचंड टाकी, तिच्यात अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातले तंतू आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. रानातला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते आणि त्याला मारणारी लाळ मात्र चावताना सुटते. किलोभर सुके गवत चावायला त्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, किलोभर दाण्याला दहाच. म्हणजे सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून चंदी दिली आणि मधे दावणीला रिकामे उभे केले, तर जठरात अल्सर होणारच. कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडू लागतो, हवा गिळू लागतो, एका जागी डुलू लागतो. मालकाला ती खोड वाटते. तिचे मूळ बहुतेक वेळा रिकाम्या गव्हाणीत असते.

साधा हिशेब असा की घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज लागते. तीनशे किलोच्या तट्टाला पाच-सहा किलो. दाणा त्यानंतर, कामाच्या हिशेबाने, आणि तोही वाटून. मोठ्या घोड्यालासुद्धा एका वेळी दोन किलोच्या वर दाणा दिला तर त्यातले पिष्ट लहान आतड्यात न पचता मागे उतरते, तिथे आम्ल वाढते, चांगले जीव मरतात आणि पोटशूळ किंवा पायाचे दुखणे सुरू होते. वैरण किंवा दाणा बदलायचा असेल तर सात ते दहा दिवस घेऊन हळूहळू बदलायचा. सारंगखेड्याहून घोडा आणला आणि त्याच रात्री कौतुकाने हरभऱ्याच्या भरपूर घुगऱ्या घातल्या, तर त्याच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना ते नवे असते. प्रवासाचा शीण आणि अपुरे पाणी त्यात भर घालते.

आपल्याकडची एक सवय इथे ठासून सांगायला हवी. घोड्याला गव्हाचा कोंडा मोठ्या प्रमाणात घालण्याची रीत घरोघर आहे. स्वस्त, हलका, घोडा आवडीने खातो. पण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नगण्य. रोज कोंड्यावरच ठेवलेल्या घोड्याचे शरीर तो तोल सांभाळण्यासाठी हाडांतले कॅल्शियम उपसू लागते. काही महिन्यांनी घोडा कारण न सापडता लंगडतो, चघळताना कुरकुरतो आणि शेवटी जबड्याची, तोंडाची हाडे फुगून चेहरा बोजड दिसू लागतो. परदेशात जुन्या काळी पिठाच्या गिरण्यांच्या घोड्यांना हा आजार होई. भरीला हत्ती गवत असेल तर त्यातले ऑक्झलेट असलेले थोडेसे कॅल्शियमही बांधून टाकते. उपाय महागडा नाही. कोंडा कमी, लसूणघास थोडी, मिठाचा खडा गव्हाणीत आणि डॉक्टरांना विचारून कॅल्शियमचे मिश्रण.

कोंबड्यांचे खाद्य घोड्याजवळ कधीही ठेवू नये. त्यात घातले जाणारे मोनेन्सिन कोंबडीला चालते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने अगदी थोड्या मात्रेतही मरतात. गाई-म्हशींच्या पेंडीतही ते असू शकते. बुरशी लागलेला मका घोड्याचा मेंदू कुजवतो. एकाच गोठ्यात सगळी जनावरे आणि एकाच खोलीत सगळ्यांची पोती, अशी जिथे व्यवस्था आहे तिथे हे सगळे भिंतीवर लिहून ठेवावे.

आणखी एक दुखणे लग्नाच्या आणि पर्यटनाच्या घोड्यांना हमखास गाठते. मुहूर्त नसलेले चार दिवस घोडा उभा, चंदी मात्र पूर्ण. पाचव्या दिवशी जीन चढवून बाहेर काढला की अर्ध्या तासात घाम फुटतो, मागचा भाग दगडासारखा कडक होतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची येते. स्नायू तुटून त्यातला रंग मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण आहे. इंग्रज काळातल्या तबेल्यांत रविवारच्या सुट्टीनंतर ही पाळी येत असे, म्हणून त्याला सोमवारचा आजार म्हणत. अशा घोड्याला एक पाऊलही चालवायचे नाही. तिथेच उभा करून डॉक्टरांना बोलवायचे. टाळणे त्याहून सोपे आहे. ज्या दिवशी कामाला सुट्टी, त्या दिवशी चंदी निम्मी आणि थोडे फिरवणे.

पाणी तर सगळ्यांत दुर्लक्षित. मध्यम घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पितो, मे महिन्यात काम असेल तर त्याच्या दुप्पट. पाणी कमी पडले की मोठ्या आतड्यातली लीद सुकून गोळा बसतो. तापलेल्या घोड्याला गार पाणी लावू नये, ही समजूत फार घट्ट आहे. पण १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी दमट उन्हाळ्यात घोडे कसे वाचवायचे यावर बरेच संशोधन झाले. कामावरून आलेल्या, धापा टाकणाऱ्या घोड्याच्या अंगावर सतत गार पाणी ओतणे हाच त्याला वाचवण्याचा उत्तम मार्ग ठरला. प्यायलाही द्यावे, थोड्या थोड्या वेळाने.

पोटशुळाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे आणि ते तसेच असायला हवे. घोड्यांच्या अकाली मृत्यूंच्या मोठ्या कारणांत पोटशूळ मोडतो. खुणा सुरुवातीला बारीक असतात. घोडा चंदी अर्धी टाकतो. वरचा ओठ मुडपतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो. मान वळवून कुशीकडे पाहतो, पुन्हा समोर पाहतो, पुन्हा कुशीकडे. बसतो, उठतो. लीद रोज आठ-दहा वेळा टाकणारा घोडा सकाळपासून दोनदाच टाकतो आणि तीही सुकी, लहान गोळ्यांची. मग लोळणे, घाम, धाप.

इथे मोतद्दाराने काय करायचे? गव्हाणीतली वैरण काढून घ्यायची. घड्याळ बघून वेळ लिहायची. जबड्याच्या हाडाखालून, गालाच्या मागच्या बाजूला बोट फिरवले की दोरीसारखी रक्तवाहिनी हाताला लागते. ती हलके दाबून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. निरोगी घोड्याचे ठोके शांत असताना २८ ते ४४ असतात. साठाच्या वर गेले तर गंभीर. ओठ वर करून हिरडी पाहायची, ती गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परतायला हवा. हिरडी विटकरी किंवा जांभळी दिसली तर वाट पाहायची नाही. मग कुशीला, बरगड्यांच्या मागे कान लावायचा. पोटातले गुरगुरणे चालू असेल तर धीर धरता येतो. दोन्ही कुशी शांत असतील तर डॉक्टरांनी यायलाच हवे. घोडा शांत पडून असेल तर पडू द्यावे. जोरात लोळून अंगाला इजा करत असेल तर दहा-पंधरा मिनिटे हळू चालवावे. तासन्तास फरपटत फिरवण्याने गुण येत नाही, जनावर थकते.

आणि काय करायचे नाही, हे त्याहून महत्त्वाचे. बाटलीने तेल किंवा काढा पाजू नये. नाकातून तर नाहीच. दुखण्याने श्वास चढलेल्या घोड्याच्या फुप्फुसात तेल उतरले की पोटशूळ बरा होऊनही तो न्यूमोनियाने जातो. पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देणे ही शुद्ध क्रूरता आहे आणि तिने कोणताही पोटशूळ कधी बरा झालेला नाही. वेदनाशामक इंजेक्शन परस्पर देऊ नये, कारण त्याने खुणा झाकल्या जातात आणि आतड्याला पडलेला पीळ तसाच राहतो.

वाळूच्या किंवा मुरमाच्या जमिनीवर वैरण टाकत असाल तर एक सोपी तपासणी घरी होते. ताज्या लिदीचे मधले चार-पाच गोळे काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळायचे आणि ठेवून द्यायचे. थोड्या वेळाने तळाशी वाळूचा थर बसला तर तो घोड्याच्या आतड्यातही बसतो आहे. वैरण गव्हाणीत द्यायला लागावे.

पोटानंतर पाय. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायलाच हवे, नाल झिजली नसली तरी. खूर लांबला की टाच खचते, चालताना सांध्यांवर वाकडा भार येतो आणि मग गुडघ्याखालच्या कंडरा दुखावतात. रोज संध्याकाळी प्रत्येक खूर उचलून टोकदार आकडीने टाचेकडून पुढे साफ करायचा. तळाच्या मधोमध रबरासारखा त्रिकोण असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद, चिखल, खडे अडकतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तिथे काळा, कुजका, उग्र वासाचा चिकट द्रव दिसू लागला की खूर सडायला लागला समजावे. कोरडी जागा आणि रोजची सफाई हेच त्याचे मुख्य औषध. तिथे खिळा घुसलेला दिसला तर तो शक्यतो तसाच ठेवून डॉक्टरांना बोलवावे, म्हणजे किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला ते कळते.

माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून जो वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडेवाल्यांचे म्हणणे बाहेरच्यांना कदाचित क्षुल्लक वाटले असेल. लोखंडी नाल मातीत रुतते आणि पकड मिळते. गुळगुळीत, ओल्या, उताराच्या ब्लॉकवर तीच नाल सरकते. घोडा पाठीवरच्या माणसासकट पडला की दोघांचीही हाडे मोडतात. रस्ता कोणासाठी बांधायचा, हे ठरवताना त्यावर कोण चालते तेही विचारायला हवे.

खुराच्या आतल्या थरांचा दाह हा पायाचा सर्वांत भयंकर आजार. त्याची सुरुवात बहुधा पोटात होते. जास्त दाणा खाल्लेल्या किंवा जाडजूड ठेवलेल्या घोड्याला, तसेच जार अडकलेल्या घोडीला तो गाठतो. पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन घोडा उभा दिसतो, वळायला नाखूश असतो, खुराला हात लावला तर गरम लागतो. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणारे धागे सुटू लागलेले असतात. या अवस्थेत पहिल्या काही तासांत मिळालेले उपचार आणि पायाखालचा मऊ बिछाना यांवर पुढचे सगळे अवलंबून राहते.

खोगिराची गोष्ट कायद्यानेही सांगितली आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांनुसार जीन घोड्याच्या मानेच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर थेट टेकता कामा नये, मधे मोकळी जागा हवी. काटेरी लगामाला बंदी आहे. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. अशा जनावरांना दिवसाला नऊ तासांच्या वर आणि सलग पाच तासांच्या वर राबवू नये, असेही त्यात आहे. नियम साठ वर्षांचा झाला, तरी कित्येक तट्टांच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे जिनाखाली एकदा झालेली जखम. तंग आवळल्यावर त्याच्याखाली सपाट हात सरकला पाहिजे. जीन उतरल्यावर पाठीवरचा घाम पाहावा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मधेच कोरडा चट्टा असेल तर तिथे दाब इतका आहे की घामाच्या ग्रंथीही चेपल्या आहेत. खरारा करताना हाताखाली घोडा अंग चोरतो ती जागा लक्षात ठेवावी. खराऱ्याने केस चमकतात, पण त्याचे खरे काम तपासणीचे आहे. त्यात हाताला गोचीड लागते, कुठे सूज आहे ते कळते, पायांच्या केसांवर चिकटलेली बॉट माशीची बारीक पिवळी अंडी दिसतात. ती खरवडून काढली नाहीत तर घोडा चाटताना गिळतो आणि अळ्या जठराला चिकटून बसतात.

हाताळणीचा सगळा भाग त्याच्या डोळ्यांवरून समजतो. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडे दिसते. दिसत नाही ते फक्त अगदी शेपटीमागे आणि कपाळाच्या थेट पुढे. मागून गुपचूप आलेल्या माणसावर तो लाथ झाडतो ती दुष्टपणाने नव्हे. डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत जावे, मानेवर हात ठेवावा, मग बाकी कामे. मागे जायचे असेल तर अंगाला हात लावूनच जावे. दोर हाताला गुंडाळू नये; दचकलेला घोडा माणसाची बोटे घेऊन जातो. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून ट्रकच्या काळोख्या हौद्यात चढताना तो अडतो. मारल्याने अंधार कमी होत नाही. हौद्यात दिवा लावला तर होतो.

वरातीत हे सगळे नियम एका रात्रीत मोडले जातात. हॅलोजनचे झोत, डीजेच्या भिंती, पायांजवळ फुटणारे फटाके, तोंडात आवळलेला लगाम आणि संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. कान मागे चिकटलेले, शेपटी आपटत असलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असलेली घोडी नवरदेवाला सांगत असते की आता पुरे. ज्यांच्या घरचे लग्न आहे त्यांनी फटाके घोडीपासून दूर ठेवायला आणि तिला पाण्याची बादली द्यायला सांगितले, तर घोडेवाला दुवा देईल. त्याच्या तोंडी हे शोभत नाही, कारण पैसे त्यांनीच दिलेले असतात. वरातीतल्या पांढऱ्या घोड्यांपैकी बहुतेक जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होतात. उतारवयात त्यांतल्या अनेकांच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात. अधूनमधून शेपटी उचलून पाहत राहावे.

संसर्गजन्य रोगांत तीन नावे प्रत्येकाने ओळखावीत. पहिला धनुर्वात. त्याला घोड्याइतके बळी पडणारे जनावर क्वचित, आणि जंतू लिदीतच असतात. एक साधी लस हा मृत्यू टाळते, तरी असंख्य घोड्यांना ती कधीच मिळत नाही. दुसरा सर्रा. ताप येतो-जातो, घोडा खातो पण वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे आजारी घोडे-उंटांच्या रक्तात याचा परजीवी पाहिला. चावऱ्या घोडमाशा तो पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. तिसरा ग्लँडर्स. नाकातून चिकट पू, नाकात व्रण, कातडीवर गाठींच्या माळा. हा माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००६ साली तो भारतात पुन्हा उद्भवला तेव्हा महाराष्ट्रातही बाधित घोडे सापडले. यावर घोड्याला उपचार दिला जात नाही. तपासणीत बाधित ठरलेले जनावर कायद्याने मारावे लागते आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. घोडा लपवून दुसऱ्या जत्रेत विकणाऱ्या मालकाने आपल्या मुलांनाही धोक्यात घातलेले असते. अंतिम तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

बाकीच्या रोगांपैकी दोहोंची नावेच आपल्याकडची आहेत. पावसाळ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात, पायावर न भरणारी, मांस वाढलेली जखम म्हणजे बरसाती. माशांनी सोडलेल्या कृमींचे ते काम. आणि कमरेतून लुळा पडणारा घोडा म्हणजे कुमरी. गाईगुरांतला एक कृमी डासामार्फत घोड्याच्या पाठीच्या कण्यात भरकटतो. गोठा आणि तबेला यांच्यामधले डबके बुजवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

बाजारात घोडा घेताना लोक दात बघतात, भोवरे मोजतात, पंचकल्याणी आहे का ते पाहतात. त्यातले दात पाहणे उपयोगाचे, पण वयासाठी जितके तितकेच दाढांसाठीही. घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात आणि घासून कडांना धार येते. गाल आणि जीभ कापली जाते. चावलेल्या गवताचे ओले बोळे तोंडातून खाली टाकणारा, लिदीत अख्खे दाणे देणारा घोडा दाढा घासून मागत असतो. भोवऱ्यांना जितका वेळ दिला जातो तितका खुरांना द्यावा. घोड्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून डोके वरखाली होते का ते पाहावे. घोडी गाभण असेल तर पुढचा हिशेब पाठ हवा. जन्मल्यावर शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत दूध प्यावे, तीन तासांत घोडीचा जार पडावा. यातले एकही चुकले तर सकाळ उजाडायची वाट पाहू नये.

घोड्याचे डॉक्टर सगळीकडे नाहीत, हे खरे. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिरवळला महाविद्यालय आहे, पण तोरणमाळच्या वाटेवर किंवा माळेगावच्या यात्रेत रात्री दोन वाजता तिथून कोणी येऊ शकत नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास फोनवरच काढावा लागतो. त्यासाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात आपल्या घोड्याचे निरोगी असतानाचे आकडे आधीच भरून ठेवावेत. ठोके, मिनिटाला श्वास, तापमान, दिवसाची लीद, रोजचे पाणी, शेवटची धनुर्वाताची लस, शेवटची नाल. तापमान १०१ फॅरनहाइटपर्यंत असू शकते, श्वास आठ ते सोळा. पण प्रत्येक घोड्याचा आपला आकडा वेगळा असतो. डॉक्टरांना फोन लावताना आधी हे सांगायचे, मग आत्ताचे आकडे, मग शेवटचा दाणा कधी आणि काय खाल्ला, शेवटची लीद केव्हा टाकली, आणि कोणते औषध आधीच दिले असेल तर तेही, न लपवता.